काचेची पाटी आणि शेजारचे माणूस

माझी नात दुसरीत गेली त्या वर्षी तिच्या वडिलांनी तिच्यासाठी एक टॅब विकत आणला आणि त्यावर वजाबाकी शिकविणारे एक अ‍ॅप उतरवून दिले. एके दिवशी दुपारी ती झोपाळ्यावर बसून त्यावरची उदाहरणे सोडवीत असता मी सहज तिच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर ४२ वजा १७ असे उदाहरण आले. खाली चार उत्तरे मांडलेली होती. तिने क्षणभर विचार करून ३५ वर बोट ठेवले, तोच तांबडी फुली उमटली. तिने लागलीच शेजारच्या उत्तरावर बोट ठेवले, पुन्हा फुली उमटली. आणि तिसऱ्या खेपेस बोट २५ वर पडताच पडदाभर चांदण्यांचा वर्षाव होऊन पुढचे उदाहरण हजर झाले. अ‍ॅपच्या दफ्तरी उदाहरण सुटल्याची नोंद झाली. मुलीच्या मनातली गाठ मात्र होती तशीच राहिली.

ज्याने दुसरीचा वर्ग एक वर्षही सांभाळला आहे, त्याला ३५ हे उत्तर पाहताक्षणी कळते की, दोनातून सात जात नाहीत असे पाहून मुलीने सातातूनच दोन काढले आहेत आणि मग चारातून एक. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. लहानातून मोठे जात नसेल तर मोठ्यातून लहान काढावे, असा एक नियम तिने आपल्या मनाशी बांधला होता आणि तो ती इमानाने पाळीत होती. मी टॅब उपडा ठेवला, खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहांचे चार गठ्ठे रबराने बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या, आणि तिला म्हटले, “यातून मला सतरा काढून दे.” तिने एक गठ्ठा चटकन माझ्या हातावर ठेवला, आणखी सात द्यायच्या म्हणून सुट्या काड्यांकडे पाहिले, त्या दोनच आहेत हे पाहून ती थबकली, आणि बऱ्याच वेळाने, कोणी न सांगता, तिने दुसऱ्या गठ्ठ्याचे रबर ओढून काढले. सात काड्या मोजून दिल्यावर तिच्यापुढे दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या. “पंचवीस!” ती म्हणाली, आणि त्या उद्गारात चांदण्यांच्या वर्षावाच्या वेळी नव्हता असा आनंद होता.

तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविल्यानंतर आणि गेली काही वर्षे नातवंडांच्या हातातली ही नवी साधने जवळून पाहिल्यानंतर माझे जे मत झाले आहे, त्याचे सार या प्रसंगात आले आहे. अ‍ॅपला उत्तर चुकले हे कळते. ते का चुकले हे बहुधा कळत नाही, आणि ते कळण्यासाठी मुलाच्या शेजारी माणूस लागते. टॅब मुलाच्या हाती द्यावा की न द्यावा, या वादात न शिरता, तो घरात किंवा शाळेत आलाच आहे असे गृहीत धरून, पहिली ते चौथीच्या मुलांसाठी त्याचा उपयोग कसा करावा, याविषयी पालकांना व शिक्षकांना काही सूचना कराव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या साधनांचा धडा

‘टॅबलेट’ या शब्दाचा मूळ अर्थ पाटी असाच आहे, आणि पाटी आपल्याला नवी नाही. पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत, पुढे दगडी पाटी व पेन्सिल आली, त्यानंतर वही आली; आणि प्रत्येक वेळी साधन बदलले तरी मुलाचे बोट हाती धरून पहिला ‘श्री’ काढून घेणारे वडीलधारे माणूस त्याच्या शेजारी बसतच राहिले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे जे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघांच्या साहाय्याने पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, त्यात माँटेसरी पद्धतीची साधने होतीच. परंतु महागडी परदेशी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी भोवतालच्या बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या यांचीच साधने केली. माँटेसरीची साधने अशी योजलेली असत की, मुलाची चूक त्याला साधनातूनच दिसावी. दट्ट्या चुकीच्या खाचेत बसविला की शेवटी एक दट्ट्या जागेवाचून उरतोच, आणि मूल आपण होऊन मागे वळून शोध घेऊ लागते. चांगल्या अ‍ॅपची पारख करताना हीच कसोटी वापरावी, असे मला वाटते.

अ‍ॅपची पारख

अ‍ॅप मुलाच्या हाती देण्यापूर्वी एक दिवस ते स्वतः वापरून पाहावे, आणि ते वापरताना मुद्दाम चुकावे. एकाच उदाहरणाचे उत्तर तीन वेळा चुकवून पाहिले म्हणजे त्या अ‍ॅपची योग्यता जितकी कळते तितकी त्याच्या जाहिरातीवरून कधी कळत नाही. ज्या अ‍ॅपमध्ये चुकल्यावर केवळ फुली उमटते आणि उरलेल्या उत्तरांवर बोटे टेकवीत मूल पुढे जाऊ शकते, ते अ‍ॅप मुलाला अंदाज करण्याची सवय लावते. ज्यात चुकल्यावर दशकांचे गठ्ठे सुटे करून दाखविले जातात, किंवा तोच प्रश्न सोप्या रूपात पुन्हा पुढे येतो, ते शिकविण्याच्या कामाचे.

२०१५ साली कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक अ‍ॅपविषयी एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात शिकणे घडून येण्यास चार गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: मुलाचे मन क्रियाशील असावे, त्याचे लक्ष विषयावर खिळून राहावे, शिकलेल्याचे त्याच्या रोजच्या जीवनाशी नाते जडावे, आणि माणसांशी त्याचा संवाद व्हावा. यांपैकी दुसऱ्या गोष्टीच्या आड येतात त्या अ‍ॅपमधल्याच शोभेच्या वस्तू. गोष्टीतल्या झाडाला बोट लावले की पक्षी उडतो, ढगाला लावले की पाऊस पडतो, आणि असे पक्षी उडविता उडविता गोष्ट कोठे होती ती तेथेच राहते. चित्रांची हालचाल गोष्टीच्या ओघात घडत असेल तर ती उपकारक. ओघाबाहेर घडत असेल तर तेवढ्यापुरते ते अ‍ॅप निरुपयोगी समजावे.

आणखी एक गोष्ट पाहावी. इंटरनेट बंद करून अ‍ॅप उघडावे. जे अ‍ॅप तरीही चालते, त्यात जाहिरातींचा उपद्रव सहसा कमी असतो. आणि खेड्यातील शाळेत, जेथे नेटची खात्री नाही, तेथे तर हा गुण पहिला मानला पाहिजे. अ‍ॅप उघडताच दूरध्वनीतील संपर्कयादी, ठावठिकाणा, छायाचित्रे यांची परवानगी मागू लागले, तर बेरीज शिकविण्यासाठी या गोष्टींची गरज काय, असा प्रश्न पालकाने स्वतःस विचारावा आणि उत्तर सापडेना तर ते अ‍ॅप काढून टाकावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. ती संमती देणारे आपणच असल्यामुळे मजकूर न वाचता ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवण्याची मुभा आपण घेऊ नये.

मराठीची कसोटी

मराठी शिकविणाऱ्या अ‍ॅपच्या बाबतीत वेगळी दक्षता घ्यावी लागते. कारण लिपी एकच असल्यामुळे हिंदीसाठी तयार केलेली अनेक अ‍ॅप केवळ नाव बदलून मराठीच्या सदरात मांडलेली आढळतात. त्यांची परीक्षा पाच मिनिटांत होते. प्रथम वर्णमालेत ‘ळ’ शोधावा. ज्या मुलाचे जग बाळ, शाळा, फळा, डोळा, सकाळ या शब्दांनी भरलेले आहे, त्याला ‘ळ’वाचून मराठी कशी शिकविणार? त्यानंतर ‘ज्ञ’चा उच्चार ऐकावा, मराठी कानाला तो ‘द्न्य’ असा हवा, ‘ग्य’ असा नव्हे. मग ‘च’ ऐकावा: ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च हे दोन निराळे उच्चार असून, अ‍ॅप दोन्हींसाठी एकच ध्वनी वाजवीत असेल तर तो भेद पालकाने स्वतः उच्चारून दाखवावा. शेवटी अक्षर गिरविण्याच्या पाठात ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे पाहावीत. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, ज्यांना महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने प्रमाण मानले, ते शाळेच्या फळ्यावर एका रूपात आणि पडद्यावर दुसऱ्या रूपात भेटले, तर पहिलीतले मूल नाहक गोंधळते.

अंकांच्या बाबतीत गोंधळाचे कारण आणखी खोल आहे. ‘सत्तावीस’ या शब्दात सात आधी ऐकू येतो आणि वीस मागाहून. लिहिताना मात्र दोन आधी आणि सात नंतर. इंग्रजीत ‘ट्वेंटी सेव्हन’ हा शब्द लेखनाच्या क्रमानेच चालतो. परिणामी घरी मराठी ऐकणारे मूल सत्तावीस ऐकून ७२ लिहिते, आणि अ‍ॅप इंग्रजीत मोजणारे असेल तर दोन्ही भाषांच्या कात्रीत सापडते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचनही दिले गेले तेव्हा त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्ष असलेल्या मंगला नारळीकर यांनी मांडलेली मुलांची अडचण मात्र खरी होती, हे वर्गात उभ्या राहिलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही. माझी सूचना अशी की, पडद्यावर संख्या आली म्हणजे मुलाने ती मोठ्याने दोन्ही प्रकारे म्हणावी: “सत्तावीस; वीस आणि सात.” ही चार-सहा आठवड्यांची सवय बहुतेक मुलांना पुरते.

काही उपयुक्त साधने

सर्व अ‍ॅपची यादी देणे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु निरनिराळ्या प्रकारांचे दाखले म्हणून काहींचा उल्लेख करते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुलांच्या सचित्र गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या असून त्यात मराठी गोष्टी पुष्कळ आहेत; शिवाय त्या मुक्त परवान्याच्या असल्यामुळे आवडलेली गोष्ट छापून, शिवून, मुलाच्या उशाशी ठेवता येते. पडद्यावरून कागदावर येण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते. गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने भारतात आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले अ‍ॅप मुलाचे मोठ्याने केलेले वाचन ऐकते व ते अडेल तेथे साहाय्य करते. ‘दीक्षा’ हे २०१७ पासूनचे सरकारी व्यासपीठ बालभारतीच्या पुस्तकांशी जोडलेले आहे. पाठाजवळच्या क्यूआर कोडवर टॅब धरला की त्या पाठाचे साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कामाचा मोठा वाटा होता. आणि पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये निघालेले ‘स्क्रॅच ज्युनियर’ यांहून निराळे आहे. त्यात मूल चित्रांचे ठोकळे एकापुढे एक जोडून मांजराला चालविते, उड्या मारविते, आपली गोष्ट स्वतः रचते. उत्तर निवडण्याच्या अ‍ॅपपेक्षा काही रचावयास लावणाऱ्या अ‍ॅपला नेहमी अग्रमान द्यावा.

वाचन ऐकणाऱ्या साधनांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्या घरात ‘पानी’ म्हणतात, तेथील मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असाच वाचते, आणि यंत्र तो चुकीचा ठरविण्याचा संभव असतो. अशा वेळी शेजारच्या माणसाने एवढेच म्हणावे, “आपण घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात, दोन्ही म्हणून पाहू.” आईची बोली यंत्राच्या फुलीने लाजविली जाऊ नये, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

वेळ, जागा आणि बंदोबस्त

२०२० च्या जुलैत केंद्रीय शिक्षण खात्याने ‘प्रज्ञाता’ या नावाने जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसात तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका ऑनलाइन घ्याव्यात, असे सुचविले होते. ती मर्यादा महासाथीच्या काळातील, शाळेची दारे बंद असतानाची होती. शाळा उघड्या असताना घरचा टॅब त्याहून पुष्कळ कमी वापरला जावा, हे ओघानेच आले. माझा स्वतःचा शिरस्ता वीस मिनिटांच्या एका बैठकीचा आहे. बैठक संपली की मूल खिडकीपाशी जाऊन दूरचे झाड, समोरच्या इमारतीची गच्ची असे काही तरी पाहते, आणि मग खाली खेळावयास जाते. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत दूरचे अंधुक दिसू लागून चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, असे नेत्रवैद्य सांगतात. घरात दोन ते चार वर्षांचे धाकटे भावंड असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्या वयासाठी दिवसाकाठी एका तासाची कमाल मर्यादा घातली असून त्याहूनही कमी बरे असे म्हटले आहे, हे ध्यानात ठेवावे.

टॅबची जागा मुकरर असावी, आणि ती माणसांच्या वावरातली असावी. जेवणाच्या पानाशी, अंथरुणात आणि चार्जिंगला लावलेला असताना टॅब वापरावयाचा नाही, हे तीन नियम घरातील मोठ्यांनीही पाळले तरच ते टिकतात. आरंभी एकदा बसून पुढील तजवीज करावी: लागणारे साहित्य आधीच उतरवून घ्यावे, खरेदीला पासवर्ड लावावा, मुलाला एकाच अ‍ॅपमध्ये ठेवण्यासाठी अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करण्याची आणि आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ची जी सोय आहे ती चालू करावी, आणि एका वेळी तीन-चारांहून अधिक अ‍ॅप ठेवू नयेत.

बैठक संपविण्याची वेळ बहुतेक घरांत रडारडीची ठरते. घड्याळाकडे बोट दाखवून टॅब ओढून घेण्यापेक्षा, आरंभीच “दोन गोष्टी वाचून झाल्या की बंद” असे काम ठरवून घ्यावे. काम संपल्याचे समाधान मुलाला स्वतःहून उठविते, तर अर्ध्यावर तोडलेला खेळ त्याला दिवसभर ओढीत राहतो.

शेजारी बसणे म्हणजे काय

शेजारी बसणे म्हणजे पाळत ठेवणे नव्हे, आणि उत्तरे सांगणे तर मुळीच नव्हे. आपण मूल काय करते ते पाहावे, आणि तीनच प्रश्न जवळ बाळगावेत. उत्तर देण्यापूर्वी: “तुला काय वाटते?” उत्तर दिल्यावर, ते बरोबर असो वा चूक: “कसे काढलेस?” आणि बैठक संपल्यावर: “आता मला शिकव.” दुसरा प्रश्न केवळ चुकल्यावरच विचारला, तर मूल त्यालाच फुली समजू लागते, म्हणून तो बरोबर उत्तरालाही विचारावा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाला देता आले, तर ती बैठक सार्थकी लागली. नाही आले, तर दुसऱ्या दिवशी तेथूनच प्रारंभ करावा.

नंतर पडद्यावरचे हातात आणावे. पडद्यावर अक्षर बोटाने गिरविले असेल, तर ते पाटीवर पेन्सिलने काढावे, कारण काचेवरून घसरणाऱ्या बोटाला पेन्सिल धरण्याची ताकद येत नाही. नाण्यांची बेरीज केली असेल, तर संध्याकाळी भाजी आणताना सुटे पैसे मुलाकडून मोजून घ्यावेत. मापे शिकली असतील, तर तांदूळ धुण्यापूर्वी वाटीने मोजू द्यावेत. नोकरीमुळे ज्या आईबापांना रोज शेजारी बसणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातील दोन दिवस ठरवावेत आणि एरवी आजी-आजोबा किंवा थोरले भावंड यांना हे तीन प्रश्न शिकवून ठेवावेत. प्रश्न विचारणाऱ्याला अ‍ॅप चालविता आलेच पाहिजे असे नाही, कारण ते मूल मोठ्या हौसेने शिकविते.

शाळेत चार-पाच टॅब आणि तीस मुले असा प्रकार असेल, तर एका टॅबवर दोघांना बसवावे: एकाने बोट चालवावे, दुसऱ्याने काय करावयाचे ते सांगावे, आणि दहा मिनिटांनी कामांची अदलाबदल करावी. सांगणाऱ्याला विचार शब्दांत मांडावा लागतो, आणि करणाऱ्याला ऐकावे लागते. उरलेल्यांपैकी एक गट काड्या-मण्यांवर, एक गट वाचनावर, आणि एक गट शिक्षकाजवळ असा फेरा ठेवला, म्हणजे ज्या मुलांना शिक्षकाची गरज आहे त्यांच्यासाठी त्याचे हात मोकळे होतात. अ‍ॅपने दिलेले गुण हजेरीपटासारखे उतरवून न घेता, कोणते मूल कोणत्या ठिकाणी अडले एवढेच वहीत टिपावे.

त्या दुपारनंतर दोन-तीन आठवड्यांनी नात पुन्हा तेच अ‍ॅप घेऊन झोपाळ्यावर बसली होती आणि मी स्वयंपाकघरात भाजी निवडीत होते. बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून मी डोकावले. पडद्यावर ५३ वजा २८ असे उदाहरण थांबून राहिले होते, चारही उत्तरे अस्पर्श होती, आणि ती टॅब बाजूला ठेवून उठत होती. मला पाहून म्हणाली, “आजी, आपल्या काड्या कुठे ठेवल्यास?”